प्राचीन इस्राएली लोक: इतिहास आणि उत्खनन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या विषयावर वाचकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझा आग्रह एकच आहे: जमिनीतून निघालेली वस्तू काय सांगते हे आधी नीट ऐकावं, मग बायबल उघडावं. ती वस्तू काय सांगत नाही, हेही तितकंच लक्षात ठेवावं. व्यक्तींची आणि गावांची नावं बहुतेक मराठी बायबलमधल्या वळणाने घेतली आहेत. जेरुसलेम मात्र रोजच्या वापरातलं ठेवलं आहे. प्राचीन लोकांसाठी आणि राज्यासाठी ‘इस्राएल’, आजच्या देशासाठी ‘इस्रायल’ असं लिहिलं आहे.

१. प्राचीन इस्राएली म्हणजे नेमके कोण? ते आणि यहुदी एकच का?

इ.स.पू. १२०० च्या सुमारास भूमध्य समुद्र आणि यार्देन नदी यांच्यामधल्या डोंगराळ पट्ट्यात हे लोक वसलेले दिसतात. पुढे त्यांची दोन राज्यं झाली. उत्तरेला इस्राएल, त्याची राजधानी शोमरोन. दक्षिणेला यहूदा, त्याची राजधानी जेरुसलेम. उत्तरेचं राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमारास असिरियाने बुडवलं, दक्षिणेचं ५८६ मध्ये बाबेलने (बॅबिलोनने). यहूदातल्या लोकांची परंपरा त्यानंतरही टिकली आणि तिच्यातून यहुदी समाज घडला. म्हणजे यहुदी हे प्राचीन इस्राएलींचे वारस आहेत. पण आठव्या शतकातल्या शोमरोनच्या शेतकऱ्याला कुणी यहुदी म्हटलं असतं, तर त्याला ते पटलं नसतं. नाबलुसजवळच्या गरिज्जीम डोंगराला पवित्र मानणारा छोटा शोमरोनी समाज आजही आहे. तोही स्वतःला इस्राएलच म्हणवतो.

आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइन वादावरचे प्रश्न इथे घेतलेले नाहीत. हजारो वर्षांपूर्वीच्या खापरांवरून आज जिवंत असलेल्या माणसांचे हक्क ठरवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

२. त्यांचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख कुठे सापडतो?

इजिप्तमध्ये. इजिप्तचा राजा, म्हणजे फेरो, मर्नेप्ताह याचा एक काळा शिलालेख फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ मध्ये थेब्ज इथे मिळाला. तो इ.स.पू. १२०८ च्या आसपासचा आहे. बहुतेक मजकूर लिबियावरच्या विजयाचा; अगदी शेवटच्या ओळींत कनान देशाचा, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व काठच्या मुलखाचा, हिशेब येतो. अश्कलोन, गेजेर, यानोआम ही गावं जिंकली, आणि ‘इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही’.

इजिप्शियन लिपीत शब्दापुढे तो कशाचा आहे हे दाखवणारं चिन्ह काढतात. त्या तीन नावांपुढे मुलखाचं चिन्ह आहे. इस्राएलपुढे मात्र बसलेले पुरुष-स्त्री आणि अनेकवचनाच्या तीन रेघा आहेत, म्हणजे तो लोकसमूह आहे. फेरोने नाव घेऊन बढाई मारावी एवढा मोठा इस्राएल नावाचा समूह तेव्हा कनानात होता, एवढं पक्कं. त्याचा राजा कोण, देव कोण, तो आला कुठून, यावर हा दगड गप्प आहे.

३. मग ते बाहेरून आले की तिथलेच होते?

मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो, कारण त्याचं उत्तर कुठल्या राजवाड्यात सापडलेलं नाही, डोंगर पायी तुडवून मिळालं आहे. १९६७ नंतर पुरातत्त्वज्ञांनी मध्य डोंगराळ भाग टेकडी-टेकडीने पिंजून काढला. इ.स.पू. तेराव्या शतकापर्यंत जिथे जेमतेम वस्ती होती, तिथे पुढच्या दोन शतकांत अडीचशेच्या आसपास लहान वाड्या उभ्या राहिलेल्या दिसल्या. बहुतेकांना तटबंदी नाही, राजवाडा नाही, मोठं देऊळ नाही. खडकात कोरलेली पाण्याची टाकी, धान्याची पेवं, गळ्याशी जाड पट्टी असलेले मोठे रांजण आणि दगडी खांबांनी दालनं पाडलेली घरं, एवढाच संसार.

ही खापरं मात्र परकी नाहीत. कनानी कुंभार जे घाट घडवत होता, त्यांचीच ही साधी, गावठी रूपं आहेत. भाषाही कनानी कुळातलीच. त्यामुळे आज बहुतेक अभ्यासक मानतात की इस्राएली मुख्यतः त्याच भूमीतले: मोडकळीला आलेल्या नगरराज्यांतले शेतकरी, गुराखी, भटके आणि काही बाहेरून आलेली कुळं. मलाही हेच पटतं. त्या बाहेरच्या कुळांपैकी एखाद्याने इजिप्तची आठवण सोबत आणली असेल का, ते प्रश्न ५ मध्ये.

४. डुकराचं हाड मिळालं नाही की ती वस्ती इस्राएली, असं ऐकलं. खरं का?

पूर्ण खरं नाही. एक्रोन, अश्कलोन या पलिष्टी (किनारपट्टीवरच्या शेजारी लोकांच्या) शहरांत डुकराची हाडं भरपूर मिळतात आणि त्याच काळातल्या डोंगरवस्त्यांत जवळजवळ नाहीत. म्हणून हा नियम लोकप्रिय झाला. पण आसपासच्या कनानी गावांतही डुकराची हाडं फारच थोडी आहेत. उलट आठव्या शतकात उत्तरेच्या इस्राएल राज्यातल्या मगिद्दोसारख्या ठिकाणी ती वाढलेली दिसतात. नुसत्या हाडांवरून माणसाची जात-जमात सांगता येत नाही. घर, भांडी आणि काळ जोडीला घ्यावे लागतात.

५. मोशे आणि इजिप्तमधून सुटका घडलीच नाही का?

बायबलच्या निर्गम पुस्तकात मोशे इस्राएलींना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर नेतो, आणि सहा लाख पुरुष निघाले असं म्हटलं आहे. बायका-मुलं धरली तर वीस लाखांवर माणसं. एवढा समाज चाळीस वर्षं सिनाईत फिरल्याची खूण कुठेही नाही. ते जिथे दीर्घकाळ राहिले म्हणतात, ते कादेश-बर्ण्या ज्या ठिकाणी मानलं जातं, तिथला किल्ला त्यानंतरच्या शतकांतला आहे. दुसरी अडचण मला अधिक वजनदार वाटते. त्या काळात कनानवर इजिप्तचंच राज्य होतं. जेरुसलेमचा मांडलिक राजा अब्दी-हेबा याने फेरोला पाठवलेली पत्रं अमार्ना इथे मिळालेल्या मातीच्या विटांवर आजही वाचता येतात. म्हणजे इजिप्तमधून पळून कनानात जाणं हे इजिप्तच्याच ताब्यातल्या मुलखात जाणं होतं, आणि याची बायबलच्या कथेत दखल नाही.

पण कथेची पार्श्वभूमी पोकळ नाही. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात कनानी वळणाचे लोक शतकानुशतकं राहत होते आणि तिथे फेरो रामेसेसच्या नावाची राजधानीही खरोखर होती. लहान गट निसटला असणं सहज शक्य आहे. मोशेचा पुरावा नाही. एखादी व्यक्ती नव्हतीच, हेही उत्खनन सिद्ध करू शकत नाही.

६. यरीहोचा कोसळलेला तट सापडला होता ना?

बायबल सांगतं की मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने कनान जिंकायला सुरुवात केली तेव्हा यरीहो शहराचा तट कोसळला. कोसळलेले तट सापडले, पण काळ जुळला नाही. १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांना ते यहोशवाच्या वेळचे वाटले. कॅथलीन केनयन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये तेच पांढरीचं टेकाड थराथराने पुन्हा खणलं. तो तट हजारभर वर्षं आधीचा निघाला. नंतरचं तटबंदीचं शहर इ.स.पू. १५५० च्या सुमारास जळालं होतं आणि यहोशवाच्या काळात तिथे जिंकावं असं शहरच उरलं नव्हतं. यहोशवाने जिंकलं असं बायबल म्हणतं ते आय हे गाव तर त्याआधी हजार वर्षांहून जास्त काळ ओस होतं.

याला अपवाद हासोर. ते मोठं शहर तेराव्या शतकात भयंकर आगीत गेलं, देवांच्या मूर्तींची डोकी तोडलेली मिळाली. कुणी जाळलं यावर खोदणाऱ्यांतच मतभेद आहेत. आणि हे विसरू नये की बायबलमध्येच शास्ते या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात कनानी लोक न हटता तिथेच राहिल्याची लांबलचक यादी आहे.

७. दावीद खरा होता का?

दावीद म्हणजे बायबलनुसार यहूदाच्या राजघराण्याचा मूळपुरुष असलेला राजा. १९९३ मध्ये उत्तर इस्रायलमधल्या तेल दान इथे अव्राहाम बिरान यांच्या उत्खननात, जुन्या बांधकामात पुन्हा वापरलेला एक लेखयुक्त दगड दिसला. पुढच्या वर्षी आणखी दोन तुकडे मिळाले. भाषा अरामी, काळ इ.स.पू. नववं शतक. लिहवणारा बहुधा दमास्कसचा राजा हजाएल. इस्राएलच्या आणि ‘दावीदाच्या घराण्याच्या’ राजाला मारल्याचं तो अभिमानाने सांगतो.

दावीदानंतर शंभर-दीडशे वर्षांत त्याच्या शत्रूला यहूदाचं राजघराणं याच नावाने माहीत होतं, म्हणजे मूळपुरुष काल्पनिक असण्याची शक्यता फारच कमी. पण या दगडावर दावीदाने मारलेला धिप्पाड गल्याथ नाही, त्याची राणी बथशेबा नाही, राज्याचा विस्तारही नाही.

८. शलमोनाचं वैभव मग कुठे गेलं?

शलमोन म्हणजे बायबलनुसार दावीदाचा मुलगा आणि त्याच्यानंतरचा राजा. त्याच्याबाबत तज्ज्ञांची खरी झुंज आहे. हासोर, मगिद्दो आणि गेजेर इथे एकाच धर्तीच्या सहा दालनांच्या वेशी मिळाल्या. शलमोनाने हीच तीन शहरं बांधल्याचं बायबल म्हणतं, त्यामुळे यिगाएल यादीन यांनी त्या दहाव्या शतकातल्या मानल्या. १९९० च्या दशकात इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी हे थर नवव्या शतकात, म्हणजे उत्तरेच्या इस्राएलचा राजा अम्री याच्या घराण्याच्या काळात ओढले. फरक काही दशकांचा, पण त्यात शलमोनाचं अख्खं साम्राज्य निसटतं. कार्बन-१४ ची मोजणी अनेक वेळा झाली. मात्र तिची कमाल-किमान मर्यादाच बहुधा या वादाएवढी रुंद असते.

खिर्बेत कैयाफा इथलं दहाव्या शतकाच्या सुरुवातीचं तटबंदीचं गाव पाहिल्यावर दक्षिणेत तेव्हा काहीच नव्हतं असं म्हणवत नाही. तरी माझं मत असं की शलमोनाचं जेरुसलेम लहानसं डोंगरी ठाणं होतं. सोन्याने मढलेलं साम्राज्य नंतरच्या लेखकांनी रंगवलं.

९. शलमोनाच्या देवळाची जागा खोदत का नाहीत?

कारण ती जागा मुसलमानांचं हराम अश-शरीफ आहे, अल-अक्सा मशीद तिथे आहे आणि यहुद्यांनाही ती परमपवित्र आहे. तिथे शास्त्रीय उत्खनन झालेलं नाही. शलमोनाच्या या पहिल्या देवळाचा एकही दगड हाती नाही. उत्तर सीरियातल्या ऐन दारा इथल्या देवळाचा आराखडा बायबलमधल्या वर्णनाच्या खूप जवळचा आहे, त्यावरून कल्पना येते.

१०. दोन राज्यांत मोठं कोण होतं?

उत्तरेचं, आणि बऱ्याच फरकाने. बायबल लिहिणारे दक्षिणेचे होते, म्हणून अम्री राजाला त्यांनी जेमतेम काही ओळी दिल्या. शेजाऱ्यांनी मात्र त्याचं नाव विसरू दिलं नाही. यार्देनपलीकडच्या मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ मध्ये धिबान इथे मिळाला. अम्रीने मवाबला पुष्कळ दिवस छळलं असं तो म्हणतो आणि इस्राएलचा देव याव्हे याचंही नाव घेतो. इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईत अम्रीचा मुलगा अहाब याने २,००० रथ आणि १०,००० पायदळ आणल्याची नोंद असिरियाच्या शल्मनेसेर तिसऱ्याने केली आहे. रथांचा आकडा फुगवलेला असू शकतो. पण नोंद शत्रूची आहे.

११. ते सुरुवातीपासून एकाच देवाला मानत होते का?

नाही. सिनाईत कुंतिलेत अज्रुद नावाचं वाटेवरचं एक ठाणं आहे, इ.स.पू. ८०० च्या आसपासचं. १९७५-७६ मध्ये झेएव मेशेल यांना तिथे दोन मोठे रांजण मिळाले. त्यांवर लाल-काळ्या शाईने गाय आणि दूध पिणारं वासरू, वीणेसारखं वाद्य वाजवणारी व्यक्ती, हात उंचावलेल्या भक्तांची रांग काढलेली आहे, आणि मध्येच आशीर्वाद लिहिला आहे: ‘शोमरोनचा याव्हे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने. अशेरा म्हणजे इथे देवी की तिचा पूज्य खांब, यावर वाद आहे. दोन्ही अर्थांनी याव्हे एकटा नाही.

जेरुसलेमच्या घराघरांतून मातीच्या, हातांनी स्तन धरलेल्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी निघाल्या आहेत. यहूदाच्या आराद किल्ल्यात तर राज्याच्याच लष्करी ठाण्यात देऊळ होतं. तिथल्या दोन वेदींवरच्या काळ्या थरांची २०२० मध्ये तपासणी जाहीर झाली, एकीवर ऊद आणि दुसरीवर गांजाचे अवशेष मिळाले. बायबलमधले संदेष्टे ज्या पूजांवर आग पाखडतात त्या खरोखर चालत होत्या, आणि लोक त्या आपल्याच धर्माचा भाग मानत होते. एकच देव हा विचार यहूदाच्या शेवटच्या शतकात आणि मुख्यतः बंदिवासात (प्रश्न १४) घट्ट झाला.

त्यानंतरही अपवाद आहेच. इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्तच्या एलिफंटाइन बेटावरच्या यहुदी सैनिकांचं स्वतःचं देऊळ होतं. ते ४१० मध्ये पाडलं गेलं तेव्हा परत बांधायला मदत करा म्हणून त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला पत्र लिहिलं. जेरुसलेमबाहेर देऊळ नको, हा नियम त्यांच्या गावीही नव्हता.

१२. इस्राएलचे दहा वंश खरंच हरवले का?

बायबलनुसार इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा उत्तरेच्या राज्यात होते. असिरियाचा राजा सर्गोन दुसरा याने शोमरोनमधून २७,२९० माणसं हलवल्याचं कोरून ठेवलं आहे. ही संख्या मोठी, तरी अख्खं राज्य नव्हे. बरेच जण जागेवरच राहिले, बरेच दक्षिणेला यहूदात गेले असावेत. त्याच सुमारास जेरुसलेम कित्येक पटींनी वाढलेलं दिसतं. हलवलेले लोक असिरियाच्या मुलखात मिसळून गेले. जगभरच्या अनेक समाजांनी स्वतःला ‘हरवलेला वंश’ म्हटलं, त्यांपैकी एकाबद्दल प्रश्न १७ पाहा.

१३. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब जिंकला की हिज्कीया?

असिरियाचा राजा सन्हेरीब याने यहूदाचा राजा हिज्कीया याच्यावर स्वारी केली. दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणणं लिहून ठेवलं आहे, आणि सोबत तिसरा साक्षीदार मातीत आहे. असं भाग्य इतिहासात क्वचितच लाभतं.

सन्हेरीब म्हणतो, मी ४६ मजबूत शहरं घेतली आणि हिज्कीयाला जेरुसलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला. ‘घेतलं’ असं तो जेरुसलेमबद्दल म्हणत नाही. बायबल सांगतं, देवदूताने असिरियाची फौज मारली. पण त्याच अध्यायांत हिज्कीयाने ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं खंडणी दिल्याचंही येतं. सन्हेरीबच्या लेखातही सोन्याचा आकडा ३०च आहे! चांदीचा मात्र जुळत नाही: बायबलमध्ये ३००, असिरियाकडे ८००. यहूदातल्या लाखीश शहरात असिरियाने तटावर चढण्यासाठी रचलेला दगडांचा प्रचंड उतार आजही दिसतो आणि त्या वेढ्याचं चित्रण असिरियाची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातल्या शिल्पपटांत होतं. थोडक्यात, मुलूख उद्ध्वस्त झाला, राजधानी आणि राजा वाचला.

जेरुसलेममधला शिलोह बोगदा बहुतेक जण याच तयारीशी जोडतात. तो ५३३ मीटर लांब, वळणावळणाचा, दोन्ही टोकांकडून खोदत आणलेला आहे. १८८० मध्ये आतल्या भिंतीवर लेख सापडला: तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या गड्याची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहू लागलं. त्यात राजाचं नाव नाही, देवाचं नाही. खडक फोडणाऱ्या माणसांना आपल्या कामाचा वाटलेला आनंद तेवढा आहे. या विषयातलं मला सर्वांत प्रिय लिखाण हेच.

१४. बाबेलच्या बंदिवासाचा बायबलबाहेर पुरावा आहे का?

भरपूर. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने जेरुसलेम घेतल्याचं बाबेलच्या बखरीत आहे. कैद करून नेलेला राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना सरकारी कोठारातून किती तेल द्यायचं, याच्या नोंदी बाबेलमध्ये मिळाल्या. शेवटच्या दिवसांची साक्ष लाखीशच्या वेशीत १९३५ मध्ये सापडलेल्या खापरांवर शाईने लिहिलेली आहे. एका चौकीवरचा अधिकारी वरिष्ठाला कळवतो: आम्ही लाखीशच्या आगीच्या इशाऱ्यांवर डोळे लावून आहोत, कारण अजेका (शेजारचं किल्ल्याचं गाव) दिसत नाही. पुढे इराणच्या कोरेश राजाने ५३९ मध्ये बाबेल जिंकलं. त्याच्या मातीच्या नळकांडीवर देवमूर्ती आणि लोक स्वस्थानी पाठवल्याचं आहे, पण त्यात यहुद्यांचं नाव नाही. अनेक ठिकाणी आहे म्हणून छापतात, ते चूक.

१५. इतक्या जुन्या तारखा कशा ठरवतात? ५८६ की ५८७?

असिरियात दरवर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव देत आणि त्यांच्या याद्या ठेवत. एका वर्षापुढे सूर्यग्रहणाची नोंद आहे. खगोलशास्त्राने ते इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनचं ठरतं. त्या खुंटीला बाकीची वर्षं बांधली जातात. जेरुसलेमच्या पाडावाबाबत एक वर्षाचा घोळ उरतो, कारण यहूदात राजवर्ष वसंतात मोजत की शरदात, यावर एकमत नाही.

१६. बायबलचा सगळ्यात जुना मजकूर कोणता?

जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोम थडग्यात १९७९ मध्ये गाब्रिएल बार्काय यांना चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या मिळाल्या. इ.स.पू. ६०० च्या आसपासच्या या ताइतांवर ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो’ हा याजकांचा आशीर्वाद कोरलेला आहे. पूर्ण पुस्तकं म्हणाल तर १९४७ पासून मृतसमुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत मिळालेल्या हस्तलिखितांतली यशयाची गुंडाळी, ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली.

१७. कोकणातले बेने इस्राएल त्या दहा वंशांपैकी का?

त्यांची आठवण अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ते तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ झाले. गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं आली. शब्बाथ, सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी टिकवली. एलियाहू हानबी (संदेष्टा एलीया) याच्यासाठी मलिदा करतात तो तर खास कोकणचा. हे फुटलेलं गलबत नेमक्या कोणत्या शतकातलं, याचा उत्खननात पुरावा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा, असा दोन्ही वारसा ठळक दिसला. परंपरेच्या गाभ्याला त्याने बळ मिळतं. दहा वंशांशी थेट नातं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

१८. बातमीत ‘बायबल सिद्ध करणारा’ शोध आला तर विश्वास ठेवावा का?

आधी विचारा, वस्तू उत्खननात मिळाली की बाजारात. इस्रायल संग्रहालयाने शलमोनाच्या देवळातलं म्हणून विकत घेतलेलं हस्तिदंती डाळिंब जुनं, पण त्यावरचा लेख बनावट, असं २००४ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले मृतसमुद्र हस्तलिखितांचे १६ तुकडे २०२० मध्ये सगळेच खोटे ठरले. थरातून उचललेली वस्तू, सोबतच्या खापरांसह आणि छायाचित्रांसह, तिचंच वजन. बनावट वस्तूंच्या खटल्यात आरोपी सुटला म्हणजे वस्तू खरी, असंही नसतं.

१९. यातलं प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

मर्नेप्ताहचा दगड कैरोत, मेशाचा पॅरिसच्या लूव्रमध्ये, तेल दानचा लेख आणि चांदीच्या गुंडाळ्या जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात, शिलोहचा लेख इस्तंबूलमध्ये. लाखीशचे शिल्पपट आणि इस्राएलचा राजा येहू (किंवा त्याचा दूत) ज्यावर शल्मनेसेरपुढे वाकलेला दिसतो तो काळा स्तंभ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. उत्खनन करणाऱ्या हेन्री लेयार्डने निमरूदहून (असिरियाच्या जुन्या राजधानीतून) पाठवलेल्या पेट्या त्या काळी बसऱ्याहून मुंबईमार्गे इंग्लंडला जात. परदेशी जाणं जमत नसेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले असिरियन शिल्पपट आधी पाहा: ते इस्राएलबद्दलचे नाहीत, पण शोमरोन बुडवणारी सत्ता स्वतःला कसं दाखवत होती हे त्यांतल्या दंडांच्या पिळदार स्नायूंवरून आणि दाढीच्या कोरीव कुरळ्यांवरून लगेच कळतं.